देशासाठी चाललेले बशीरभाई

पुण्याहून निघताना सोसायटीच्या फाटकातच शेजारचे काका भेटले. हातात बॅग पाहून म्हणाले, "कुठे दौरा?"

"बुलढाणा जिल्हा."

"वा! लोणारचं सरोवर?"

"नाही."

"मग शेगाव."

"तेही नाही. सोनाळा म्हणून गाव आहे सातपुड्याच्या पायथ्याशी."

"तिथे काय आहे पाहण्यासारखं?"

"एक गृहस्थ आहेत," मी म्हटलं आणि रिक्षात बसले. साठी उलटलेल्या बाईनं असं उत्तर देऊन रिक्षात बसू नये, हे मला गाडीत कळलं. मनमाड यायच्या आत बातमी काकांकडून नाशिकच्या बहिणीपर्यंत पोहोचली, तिचा फोन आला आणि तिनं फार हळुवार आवाजात विचारलं, "कोण गं आहेत ते?"

तर ते कोण, हे आधी सांगून टाकते. मी वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर आयुष्य काढलं. भारताचं पथक ऑलिम्पिकला किंवा आशियाई स्पर्धांना निघालं की पहिल्या दिवशी संचलनाचा मोठा फोटो लावायचा आणि नंतर रोज पदकांचा तक्ता छापायचा, हे माझं काम. तक्त्यात आपण कुठे आहोत ते बघायला वाचकाला बोट बरंच खाली न्यावं लागे. हॉकीतली ओळीनं मिळालेली सहा सुवर्णं, साताऱ्याकडच्या एका पैलवानाचं कांस्य, मग वर्षानुवर्षं जवळजवळ काहीच नाही, आणि अलीकडे पुन्हा नेमबाज, कुस्तीगीर, भालाफेक. हा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. पण त्या संचलनाच्या फोटोत मागच्या रांगांमध्ये जी माणसं दिसतात, ब्लेझर थोडा मोठा, पगडी थोडी तिरकी, ती स्पर्धेनंतर कुठे जातात? रिकाम्या हातानं घरी आल्यावर त्यांना लोक काय विचारतात? निवृत्त झाल्यावर या माणसांवर पुस्तक लिहायचं मी ठरवलं. शोधता शोधता एक नाव हाती आलं: शेख बशीर, सोनाळा. खेळ, चालण्याची शर्यत. आशियाई स्पर्धांत भाग. निकालाच्या जागी एकच शब्द, 'बाद'.

चालताना माणूस बाद कसा होतो, हा प्रश्न पडला असेल तर सांगते. या शर्यतीत एक तरी पाय सतत जमिनीला टेकलेला हवा आणि पुढचा पाय टेकताना गुडघा सरळ हवा. दोन्ही पाय हवेत गेले की ते पळणं झालं. तीन पंचांनी लाल पाटी दाखवली की घरी जायचं. म्हणजे सगळ्यांच्या पुढे जायची घाई करायची, पण घाई दिसू द्यायची नाही. लग्नाच्या पंगतीत आपण पुढचं ताट पकडायला जातो, तशी ही शर्यत.

नांदुऱ्याला उतरले तेव्हा सकाळचं ऊन नुकतंच तापायला लागलं होतं. स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या, त्यांच्यातून उडालेला कापूस बाभळीच्या काट्यांना अडकलेला. जळगाव जामोदच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक काकू बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत कोंबडी. कोंबडी शांत होती, काकू बोलक्या होत्या.

"कोठी चालल्या?"

"सोनाळ्याला. बशीरभाईंकडे."

"चालणारे बशीरभाई? मंग तर तुमी मोठ्या माणसाकडं चालल्या." कोंबडीची मान पिशवीत ढकलत त्या म्हणाल्या, "त्याइच्यावर लय अन्याय झाला. इतके जोऱ्यात चालले, इतके जोऱ्यात चालले का पंचाइले त्याइचे पायच दिसेनात! मंग ते म्हणे, पाय दिसून नाई राह्यले, म्हंजे हवेतच असतीन. देल्लं काढून."

पुढच्या बाकावरचे एक फेटेवाले मागे वळून म्हणाले, "तसं नाई. त्याइची सावली मांगं राहून गेली होती. पंच म्हणे, सावलीबिगर माणूस चालन कसा?"

बसमध्ये यावर चर्चा सुरू झाली. बाहेर पूर्णेचं पात्र आलं आणि गेलं. हा सगळा खारपाणपट्टा (विहिरीचं पाणीच खारट असलेला भाग). जळगाव जामोदला बस बदलताना स्टँडवर चहा प्यायले तर तोही किंचित खारट लागला. पुढे संग्रामपूर सोडल्यावर मात्र जमीन बदलली. तूर वाळून उभी, हरभरा हिरवागार, मग संत्र्याच्या बागा, आणि त्यांच्या मागे सातपुडा निळसर धुरकट. एवढं सुंदर काही वाटेत असेल, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. इथल्या लोकांना ते सांगण्यासारखं वाटत नसावं.

सोनाळ्याच्या स्टँडवर उतरले तर समोर फलक: 'ऑलिम्पिकवीर शेख बशीर यांच्या चरित्रकार बाईंचे हार्दिक स्वागत.' फलकाखाली काठी टेकून एक कृश, ताठ वृद्ध गृहस्थ उभे होते. पांढरं धोतर, काळी टोपी. हे जोशी गुरुजी. शाळेत कवायत शिकवायचे, बशीरभाईंना शोधून काढलं ते यांनीच. माझा फोन यांच्याशीच झाला होता.

"गुरुजी, ऑलिम्पिक नाही, आशियाई स्पर्धा होत्या," मी हळूच म्हटलं.

"आशियाई लिहिलं तर फलक लांबतो," गुरुजी म्हणाले. "आणि चालायचं अंतर दोन्हीकडे सारखंच."

बाजाराच्या गल्लीत बशीरभाईंचं कापडाचं दुकान आहे. परकर, लुगडी, टॉवेल, शाळेचे गणवेश. गादीवर एक उंच, सडपातळ, पांढऱ्या दाढीचा माणूस गज घेऊन कापड मोजत होता. मला पाहून उठला, नमस्कार केला आणि मी वही काढायच्या आत म्हणाला, "बाई, पहिलेच सांगून टाकतो. अन्याय-बिन्याय काई झाला नाई. मी पळालो."

"म्हणजे?"

"म्हंजे पळालो. दोन्ही पाय हवेत. पंचाइनं बराबर केलं."

गुरुजी मोठ्यानं हसले. "पाहा! असा स्वभाव. इतकी वर्षं हेच बोलतो. मोठी माणसं स्वतःचं कधी सांगत नाहीत."

दुकानात आलेलं गिऱ्हाईकही कौतुकानं मान हलवू लागलं. बशीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. बुडणाऱ्या माणसानं काठावरच्या माणसाकडे पाहावं, तसं.

ते चालायला शिकले कसे, ते त्यांनी दुपारी जेवताना सांगितलं. वडील आठवडी बाजार करायचे. टुनकीचा बाजार, संग्रामपूरचा बाजार, जो ज्या दिवशी असेल तो. डोक्यावर कापडाचं गाठोडं. "पळालं का गाठोडं हालते, घड्या मोडते. हळू चाललं का बाजारातली जागा जाते. मंग काय करन? मी असा चालाचो." आणि त्यांनी बसल्या बसल्या कमरेतून एक लय दाखवली. डोकं जागचं हललं नाही.

त्यांच्या पत्नी नूरबी भाकरी थापत होत्या. कळण्याची भाकर (ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची), वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. मी ठेच्याचा मोठा घास घेतला. त्यानंतर काही काळ मी मुलाखत घेण्याच्या स्थितीत नव्हते. नूरबींनी गुळाचा खडा पुढे केला आणि म्हणाल्या, "बाई, सावकास. ये ठेचा है, भाजी नई."

"पण का पळालात?" आवाज परत आल्यावर मी बशीरभाईंना विचारलं. "इतकी वर्षं सराव केलेला माणूस मधेच पळेल कशाला?"

ते भाकरीचा तुकडा मोडत राहिले. नूरबी म्हणाल्या, "मैं बी लगन के बाद से पुछतीच हूं. बोलतेच नई."

संध्याकाळी गुरुजी मला संत्र्याच्या बागेकडे फिरायला घेऊन गेले. फिरणं म्हणजे दहा पावलं चालायचं आणि काठीवर टेकून थांबायचं. तिसऱ्या थांब्याला ते म्हणाले, "एक विनंती आहे. पुस्तकात 'अन्याय' हा शब्द घाला."

"गुरुजी, पुरावा नाही. आणि ते स्वतः नाही म्हणतात."

"त्याचं ऐकू नका. तुम्ही पुण्याच्या. तुम्ही लिहिलेलं खरं होतं." त्यांनी काठीनं मातीत एक रेघ ओढली. "या गावातून दुसरं कोणी गेलं नाही हो. मी किती पोरं पळवली, उड्या मारायला लावली. एक गेला. आणि त्याच्या नावापुढे कायमचं 'बाद'? मी जायच्या आधी तो शब्द खोडला जावा, एवढंच."

गुरुजींनी एक संत्रं तोडून माझ्या हातात दिलं. लाच म्हणून असेल तर फार गोड होती.

दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. झेंडावंदनानंतर सोनाळ्यात दरवर्षी बशीरभाईंच्या सन्मानार्थ चालण्याची शर्यत होते, शाळेपासून सातपुड्याकडच्या रस्त्यानं नाल्याच्या पुलापर्यंत आणि परत. हे मला माहीत होतं. मी पंच आहे, हे माहीत नव्हतं. सरपंचांनी माईकवरून जाहीर केलं तेव्हाच कळलं.

"मी कधी पंच झालेले नाही," मी म्हटलं.

"तुमाले नियम माहीत हाय ना? आमाले तेवढाबी नाई," सरपंच म्हणाले आणि माझ्या हातात टेबलटेनिसची एक जुनी बॅट दिली. तिला लाल कापड शिवलेलं होतं. सरपंच स्वतःही शर्यतीत होते. नवे पांढरे बूट, कपाळाला तिरंगी पट्टी. भरदार माणूस, आवाजही भरदार.

मला एका मोटरसायकलवर मागे बसवलं. शिट्टी झाली आणि शर्यत सुटली. सुटली म्हणजे सगळे धावत सुटले.

"थांबा!" मी ओरडले. "चाला! ही चालण्याची शर्यत आहे!"

"चालूनच राह्यलो ना!" एक तरुण माझ्या शेजारून उडत जाताना म्हणाला. मी त्याला लाल बॅट दाखवली. तो मागे वळून म्हणाला, "काऊन?" आणि पळतच राहिला.

पुढची हकिगत सांगताना आजही घाम फुटतो. मी बॅट दाखवत होते, माणसं वाद घालत होती. एकानं विचारलं, पाय उचलल्याबिगर चालू कसा, तुमीच चालून दाखवा. एकानं गुडघ्याला सांधेदुखीची पट्टी बांधली होती, त्याचा एक गुडघा इतका सरळ होता की मला गहिवरून आलं, पण दुसऱ्या पायानं तो उड्या मारत होता. पुलाजवळ म्हशी आडव्या आल्या. अर्धे लोक म्हशींच्या आधी निघायला पळाले, अर्धे म्हशींना घाबरून पळाले. मी दोन्ही गटांना बाद केलं. सरपंच मात्र तोवर खरंच चालत आले होते. पण शाळा दिसू लागली, लेझीम सुरू झाली, लोकांनी त्यांच्या नावाचा गजर केला आणि त्यांना राहवलं नाही. शेवटच्या वळणावर त्यांनी जी धाव घेतली ती एखाद्या धावपटूलाही शोभली असती. मी डोळे मिटले आणि बॅट वर केली.

शेवटी बाद न होता एकच व्यक्ती राहिली: अंगणवाडीच्या सुनंदाताई. त्या बऱ्याच मागून, पदर खोचून, एका लयीत आल्या. नव्या कोऱ्या कडक साडीचं नेसण होतं, त्यात मोठं पाऊल टाकता येत नव्हतं, त्यामुळे नियम आपोआप पाळला गेला, असं त्यांनीच नंतर सांगितलं. मी त्यांना पहिला क्रमांक दिला.

आणि गावानं मला घेरलं.

"बाई, मी पळालोच नाई! माह्यी चालच तशी हाय!"

"पाय दिसले काय तुमाले? मोटरसायकलवरून दिसते काय?"

सरपंच घामानं थबथबून मंचावर चढले, माईक हातात घेतला आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "गावकरी मंडळी! जो अन्याय तिकडं परदेशात बशीरभाईवर झाला, तोच आज तुमच्या सरपंचावर झाला! पंच सगळीकडं सारखेच!"

टाळ्या पडल्या. गर्दीतून दहा-बारा आवाज आले, "माह्यावरबी! माह्यावरबी तोच झाला!" मी लाल बॅट पाठीमागे लपवली. पुढच्या रांगेत खुर्चीवर गुरुजी बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल सहानुभूती होती, पण बाजू त्यांनी घेतली नसती. 'अन्याय' या शब्दावर त्यांनीही टाळी वाजवली होती.

तेवढ्यात बशीरभाई मंचावर आले. त्यांनी सरपंचांच्या हातातून माईक घेतला. दरवर्षी ते फक्त हार घालून घेतात, बोलत नाहीत, असं मला आधी सांगितलं होतं. त्यामुळे लोक ऐकायला पुढे सरकले.

"बाईले सोडा," ते म्हणाले. "बाई बराबर हाय. तिकडचे पंचबी बराबर होते. मी पळालो. कधीपासून सांगून राह्यलो, तुमी हासता. आता काऊन पळालो ते सांगतो, मंग हासा."

त्यांनी दाढीवरून हात फिरवला.

"तिकडं खेळाडूइच्या जेवणघरात एक मशीन होती. खटका दाबला का आइस्क्रीम येये. कोणी काई म्हणे ना. पुन्हा दाबला, पुन्हा येये. मी असं जिंदगीत पाह्यलं नव्हतं. शर्यतीच्या आदल्या दिवशी मी तिथंच उभा राह्यलो. किती खाल्लं ते मलेच माहीत नाई. पांढरं खाल्लं, गुलाबी खाल्लं, हिरवंबी खाल्लं." त्यांनी खाली पाहिलं. "दुसऱ्या दिवशी शर्यतीत अर्ध्यात पोट बिघडलं. मी दाबून धरलं. देशाचे कपडे अंगावर, काय करू? मंग रस्त्याच्या कडेले, दूर, संडासाची पाटी दिसली. अन् मी पळालो. पंचाइले वाटलं, हा पदकासाठी पळून राह्यला. थे मांगून पाटी दाखवत पळाले. मी काई थांबलो नाई."

मी गुरुजींकडे पाहिलं. ते काठीवर दोन्ही हात ठेवून निश्चल बसले होते. मला वाटलं, संपलं. या म्हाताऱ्या माणसाचं आयुष्यभराचं काहीतरी आता आपल्या डोळ्यांदेखत मोडलं.

पहिला आवाज बायकांच्या बाजूनं आला. नूरबी. "या अल्ला!" त्या उभ्याच राहिल्या. "लगन से आज तक ये आदमीनं घर में आइस्क्रीम नई लाया! बच्चे रोते थे, तब्बी नई लाया! मैं समझी, कंजूस है!"

आणि मैदान फुटलं. हसणं कुठून सुरू झालं आणि कुठे गेलं, कळेना. लेझीमवाली मुलं लोळू लागली. सुनंदाताई पहिल्या क्रमांकाचा कप तोंडाआड धरून हसत होत्या.

गुरुजी उठले. कोणीतरी हात द्यायला गेलं, तो त्यांनी झिडकारला. हसणं हळूहळू थांबलं. ते मंचापाशी आले आणि खालूनच म्हणाले, माईक नव्हता तरी सगळ्यांना ऐकू गेलं, कवायतीचा आवाज होता तो.

"मले माहीत होतं बे."

बशीरभाईंनी चमकून पाहिलं.

"संडासाचं नव्हतं माहीत. पण तू खोटं बोलत नाई, हे माहीत होतं. तू बसमधून उतरला अन् म्हणला, गुरुजी, मी पळालो. तवाच समजलं, हा पळाला. पण चौथीच्या पोराइनं पाटीवर तुह्यं चित्र काढून ठेवलं होतं. त्याइले काय सांगू? मीच सांगतलं, पाय दिसले नाई." ते काठीवर टेकले. दम लागला होता. "अन् सांगता सांगता मलेबी तसंच वाटाले लागलं."

"गुरुजी, माफ करा," बशीरभाई म्हणाले.

"माफ काय करायचं? एक सांग. आइस्क्रीम चांगलं होतं काय?"

बशीरभाईंनी खरोखर विचार केला. "गुरुजी, हिरवं लय चांगलं होतं."

गुरुजी माझ्याकडे वळले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "लिहा तुम्ही. 'बाद' लिहा. पण कारणासकट लिहा."

मला वाटलं, आता सरपंच माझी माफी मागतील. त्यांनी माईक घेतला आणि डोळे बारीक करून गावाला विचारलं, "मंडळी, पण एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली काय? शर्यतीच्या बराबर आदल्याच दिवशी ती मशीन तिथं काऊन ठेवली होती?"

मैदानभर एक कुजबूज पसरली. मी ती पसरताना पाहिली, वाऱ्यानं गव्हाचं शेत वाकावं तशी. बशीरभाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

दुपारी शाळेच्या अंगणात रोडग्यांचं जेवण होतं (गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे जाड गोळे, ते कुस्करून तूप घालतात, सोबत वांग्याची रस्सेदार भाजी). ज्यांना ज्यांना मी बाद केलं होतं ते सगळे मला आग्रह करायला आले. एकेकानं एकेक रोडगा वाढला. सूड घेण्याची इतकी चविष्ट पद्धत मी दुसरीकडे पाहिलेली नाही. सरपंचांनी दोन वाढले.

बसच्या वेळेला बशीरभाई मला स्टँडवर सोडायला निघाले. त्यांनी माझी बॅग डोक्यावर घेतली, नको नको म्हणत असताना घेतली, आणि चालू लागले. वय सत्तरीकडे, पण बॅग जागची हलत नव्हती. पोटात रोडगे घेऊन मी त्यांच्या मागे धापा टाकत होते. एका वळणावर त्यांनी वळून पाहिलं. "बाई, तुमी पळून राह्यल्या. बाद."

मग त्यांनी चाल हळू केली. बरोबरीनं आल्यावर मी विचारलं, "आता हलकं वाटतंय का?"

"वाटलं होतं. थोडा वेळ वाटलं. मंग सरपंच बोलले." ते हसले. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून म्हणाले, "अजून थोडं सांगाचं राह्यलं हाय. तिथं मंचावर मुद्दाम नाई सांगतलं."

"सांगा ना."

"संडासातून भायेर आलो. छातीवरचा नंबर पंचाइनं काढून घेतला. गाडीत बस म्हणाले, हातवारे करून. मी नाई बसलो. शर्यत चालूच होती ना. मंग मी दोरीच्या भायेर, फुटपाथवरून चालाले लागलो. आतून बाकीचे चालले, भायेरून मी. बराबर चाललो बाई, एक पाय जमिनीवर, गुडघा सरळ. आता कोणी पंच पाहत नव्हता, तरी. लोकं बाजूले सरून जागा देत. एका म्हातारीनं मले पाणी देल्लं. तिले वाटलं असन, हा रस्ता चुकला. एकदा तर फुटपाथवर भाजीचं दुकान होतं, त्याच्या मांगून फिरून आलो. पण सोडलं नाई. सगळं अंतर पुरं केलं."

मी चालायची थांबले. "स्टेडियमपर्यंत?"

"गेटापर्यंत. गेटावरच्यानं अडवलं."

"का?"

"तिकीट मागतलं. मी तिथं काय सांगू त्याले? त्याची भाषा मले येत नाई, माह्यी त्याले. आतून बँडचा आवाज येऊन राह्यला होता, कोणाले तरी पदक देऊन राह्यले होते. मी थोडा वेळ उभा राह्यलो. मंग फिरलो अन् आमच्या राहाच्या ठिकाणी चालतच परत गेलो. ते गावाच्या दुसऱ्या टोकाले होतं." बॅग त्यांनी एका हातानं सारखी केली. "बाई, जिंकणारा कोण होता ते मले आठवत नाई. पण त्या दिवशी माह्याइतकं कोणी चाललं नसन."

स्टँड आला. त्यांनी बॅग उतरवली, धूळ झटकली.

"हे का नाही सांगितलंत सगळ्यांना?" मी विचारलं.

"सांगतलं तर पुतळा करतीन," ते घाईनं म्हणाले. "अन् हे तर खरं हाय. खऱ्याचं काई कमी-जास्त केलं तर मले नाई चालणार. आइस्क्रीमचं करू द्या काय कराचं ते. हे पुस्तकात नका लिहू. पुस्तक आमच्या वाचनालयात येईन. दुसरीकडं कोठी लिहा, सोनाळ्यात कोणी वाचत नाई अशा ठिकाणी."

बस सुटली तेव्हा ते हात वर करून उभे होते, दोन्ही पाय जमिनीवर. कंडक्टर तिकीट द्यायला आला आणि बॅगेवर ठेवलेला, गावानं मला घातलेला हार पाहून म्हणाला, "तुमीच त्या बाई काय? मंग खरं हाय का हो, त्या आइस्क्रीममधी जुलाबाचं औषध टाकलं होतं म्हणे? तीन देशाइनं मिळून?"

मी सोनाळ्याला सत्य शोधायला गेले होते. खिडकीबाहेर तुरीच्या शेतांवर उतरतं ऊन पडलं होतं. "आइस्क्रीम हिरवं होतं," मी म्हटलं, "एवढं मला नक्की माहीत आहे."

"हिरवं!" कंडक्टरनं मागच्या बाकांकडे वळून मोठ्यानं सांगितलं. "पाहा! मी म्हटलं नव्हतं?"

घरी आले. काकांनी फाटकातच विचारलं, "भेटले का गृहस्थ? पदक होतं का त्यांच्याकडे?" नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला आणि ते दुधाच्या पिशव्या घेऊन वर गेले. मी त्यांना दोष देत नाही. इतकी वर्षं मीच त्यांच्यापर्यंत नुसता पदकांचा तक्ता पोहोचवत होते. देश एवढ्या माणसांना पाठवतो, ती माणसं जिवाच्या करारानं पळतात, पोहतात, चालतात, आणि त्यातली बहुतेक ज्या रस्त्यानं शर्यत पुरी करतात तो रस्ता कॅमेऱ्यात येतच नाही. माझ्या पुस्तकात बशीरभाईंच्या नावापुढे 'बाद' असंच छापलं जाईल, गुरुजींनी सांगितलं तसं, कारणासकट. नूरबींची परवानगी घेतली आहे. त्यांची एकच अट होती, कंजूस हा शब्द ठेवायचा.

फुटपाथची हकिगत मात्र मी इथे लिहिली आहे, कारण हे सोनाळ्यात कोणी वाचत नाही, अशी माझी खात्री आहे. तुम्ही वाचलंत, ते ठीक. पण कधी तिकडे गेलात, संत्र्याच्या दिवसांत जरूर जा, दुकानात एक टॉवेल घ्या, बशीरभाईंना चालायला सांगा आणि मागे पडा. फक्त ही गोष्ट बोलू नका. त्या गावात एक मोकळा चौक आहे आणि सरपंच बरेच दिवस पुतळ्यासाठी निमित्त शोधत आहेत.